बेरीज कोणी मांडायची?

मुंबई सोडून महाराष्ट्रातल्या महापालिका ज्या १९४९ च्या अधिनियमावर चालतात, त्यात ६७-अ असं एक छोटं कलम आहे. शहराच्या पर्यावरणाची वर्षभरात काय स्थिती झाली, याचा अहवाल आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैच्या आत महापालिकेपुढे ठेवायचा, एवढंच ते सांगतं. पुण्यात हा अहवाल निघतो. जाडजूड असतो, रंगीत आलेख असतात. हवेतले धूलिकण, नदीच्या पाण्यातला प्राणवायू, वाहनांची संख्या, कचरा, झाडं, सगळं त्यात असतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत 'वाहने वाढली, नदी आणखी मैली' छापाची बातमी येते. मुख्य सभेच्या विषयपत्रिकेवर अहवाल येतो, एखाद-दुसरं भाषण होतं आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. एखाद्या चौकाला कुणाचं नाव द्यायचं यावर याहून जास्त वेळ खर्च झालेला पुणेकरांनी पाहिला आहे.

एरवी हा नेहमीचा आळस म्हणून सोडून देता आला असता. पण शहराच्या नियोजनातले बहुतेक मोठे निर्णय आज सभागृहाच्या हाती उरलेलेच नाहीत. हाती उरली आहे ती देखरेख: विचारणं, उत्तर मागणं आणि ते उत्तर कार्यवृत्तात उतरवून घेणं. नगरसेवक भांडतात ते गेलेल्या अधिकारांसाठी, आणि जो अधिकार शिल्लक आहे तो वापरत नाहीत. पर्यावरणाच्या बाबतीत तर नेमका हाच अधिकार सगळ्यांत मोलाचा आहे. कारण शहराची नासाडी एका ठरावाने होत नाही. ती एकेका सर्व्हे नंबरने होते. त्या सर्व्हे नंबरांची बेरीज मांडायला सभागृहाखेरीज दुसरी जागा नाही.

निर्णय हाती उरले नाहीत म्हणजे काय, ते आधी पाहू. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली. तिच्यातल्या अठरा विषयांत पहिलाच विषय नगर नियोजन आहे आणि आठवा नागरी वनीकरण व पर्यावरणाचं संरक्षण. वाचायला छान वाटतं. पण हे विषय पालिकांकडे किती सोपवायचे, हे राज्याच्या विधिमंडळाच्या मर्जीवर ठेवलं आहे. आणि आपल्याकडे त्याआधीपासूनच १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम ठाण मांडून बसलेला. त्यानुसार विकास आराखडा महापालिका करते, हरकती-सूचना महापालिका मागवते, पण मंजुरी मंत्रालयातून येते. मंजूर आराखड्यात पुढे फेरबदल करायचा तर कलम ३७ आहे. शासनाला महापालिकेला निर्देश द्यायचे असतील तर १५४ आहे. सभागृहाने केलेला ठराव शासनाला पसंत नसेल तर महापालिका अधिनियमातलं ४५१ आहे, त्याखाली ठराव निलंबित होतो, पुढे विखंडितही होतो. डिसेंबर २०२० पासून बांधकामाची नियमावलीसुद्धा मुंबई सोडून जवळपास सगळ्या राज्याला एकच लागू झाली. टेकडीच्या किती उतारावर बांधकाम चालेल, रस्त्याच्या रुंदीवर किती चटईक्षेत्र मिळेल, हे आता पुण्याचं सभागृह ठरवत नाही.

त्यातही २०२१ मध्ये झालं ते नमुनेदार होतं. जूनअखेर २३ गावं महापालिकेत आली आणि दोनेक आठवड्यांत त्या गावांचं नियोजन प्राधिकरण म्हणून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (पीएमआरडीए) नेमणूक झाली. म्हणजे पाणी द्यायचं महापालिकेने, कचरा उचलायचा महापालिकेने, लोकांनी शिव्या घालायच्या त्याही महापालिकेला. नकाशा मात्र दुसऱ्याचा. हे प्राधिकरण मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली चालतं. सूस किंवा मांजरीच्या रहिवाशाला आपल्या भागातल्या आरक्षणाबद्दल काही विचारायचं असेल, तर त्याने निवडून दिलेला नगरसेवक ज्या सभागृहात बसतो तिथे तो विषयच नाही. त्याच्या आधी स्मार्ट सिटी अभियानात हेच कंपनी काढून झालं. संचालक मंडळावर काही नगरसेवक होते खरे, पण कंपनी मुख्य सभेला बांधील नव्हती. शासनात कुठला पक्ष आहे यावर हे अवलंबून राहिलेलं नाही. या बाबतीत सगळ्यांचं एकमत आहे.

असं असलं तरी 'अधिकारच नाहीत तर आम्ही काय करणार' हे उत्तर नगरसेवकांना शोभत नाही, कारण अधिकार होते तेव्हा त्यांनी काय केलं हे जुन्या हद्दीच्या आराखड्याने दाखवून दिलं आहे. तो प्रवास जरा सविस्तर सांगायला हवा. कायदा म्हणतो, वीस वर्षांतून एकदा तरी आराखडा सुधारा. पुण्याचा आधीचा आराखडा १९८७ चा, पुढचा २००७ ते २०२७ साठीचा. प्रारूप प्रसिद्ध व्हायलाच २०१३ उजाडलं. तत्पूर्वी ते मुख्य सभेत आलं तेव्हा उपसूचनांचा पाऊस पडला. कुठलं आरक्षण हलवायचं, कुठलं उठवायचं, कुठला रस्ता किती मीटरचा करायचा, हे उपसूचनेने आलं आणि गठ्ठ्याने मंजूर झालं. त्या प्रारूपावर ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या. मैदान गेलं, शाळेची जागा गेली, आमच्या सोसायटीवरून रस्ता काढला, अशा.

कायद्याप्रमाणे त्यांच्या सुनावणीसाठी नियोजन समिती बसली. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले चार तज्ज्ञ. सुनावणी म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवलं ते सांगतील. हातात टोकन, बगलेत झेरॉक्सची पिशवी, तासन्‌तास बाकावर बसणं आणि नाव पुकारल्यावर चार वाक्यं बोलायला मिळणं. तरीही लोक आले. एवढ्या लोकांनी आपला सर्व्हे नंबर नकाशावर शोधला, त्याचा रंग ओळखला आणि त्यावर लेखी म्हणणं मांडलं, ही या शहराची कमाई म्हणायला हवी. त्या कमाईचं पुढे काय झालं? समितीतले लोकनियुक्त सदस्य एकीकडे आणि शासननियुक्त दुसरीकडे, अशी फूट पडली. शिफारशी वेगवेगळ्या आल्या. सभागृहात आराखडा रेंगाळला. मुदत संपली. २०१५ मध्ये शासनाने आराखडा महापालिकेकडून काढून घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली तीन अधिकाऱ्यांची समिती नेमली. ५ जानेवारी २०१७ ला तो मंजूर झाला. फेब्रुवारीत महापालिकेची निवडणूक होती.

या गोष्टीचं तात्पर्य पुण्यातला सुशिक्षित मध्यमवर्ग ठरलेलं काढतो: नगरसेवकांच्या हाती आराखडा द्यायचाच नसतो, अधिकाऱ्यांनीच करावा. मला ते पटत नाही. अधिकाऱ्यांच्या समितीनेही कित्येक आरक्षणं वगळली. ती का वगळली हे विचारायची सोय मात्र उरली नाही. मुख्य सभेत आरक्षण उठलं तेव्हा निदान उपसूचनेला सूचक-अनुमोदक होते, त्यांची नावं होती, दुसऱ्या दिवशी ती छापून आली, निवडणुकीत कुणीतरी ती काढली. बंद खोलीतल्या शेऱ्याला सूचकही नसतो नि अनुमोदकही नसतो.

शिवाय याच सभागृहाची दुसरी बाजू आहे, आणि ती सोयीस्करपणे विसरली जाते. १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या गावांचा आराखडा करताना टेकड्यांवरच्या ९७८ हेक्टरांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे आता सगळ्यांच्या तोंडी असलेलं बीडीपीचं, आरक्षण आलं. त्यासाठी शहरात मोहीम झाली, माजी महापौर वंदना चव्हाण तिच्यात पुढे होत्या, हजारो नागरिक उतरले आणि सभागृहाने ते आरक्षण उचलून धरलं. जमीनमालकांचं दडपण नगरसेवकांवर नव्हतं असं कोण म्हणेल? होतंच. पण विषय उघड्यावर होता, टेकडीच्या बाजूने कोण आणि विरोधात कोण हे दिसत होतं, म्हणून निर्णय टेकडीच्या बाजूने गेला. मग तो मंत्रालयात गेला आणि तिथे अडकून पडला. बीडीपीला अखेर मंजुरी मिळाली २०१५ मध्ये, आणि मोबदला ठरला ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क. जमीनमालकांना तो अर्थातच मान्य झाला नाही. परिणाम असा की टेकडी नकाशावर हिरवी आहे, सात-बारावर खासगी आहे आणि तिच्या पायथ्याला दर पावसाळ्यानंतर एखादी पत्र्याची शेड वाढलेली दिसते. आरक्षण टाकलं म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्यांनी हे पाहावं. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो, आणि मग मुदतीत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप गळतं. मग दरवर्षी अंदाजपत्रकात संपादनासाठी किती रक्कम ठेवली, किती खर्ची पडली, कुठली नोटीस आली आणि ती कुणाच्या टेबलावर पडून राहिली, हे कुणी विचारायचं? ही विचारणा सभागृहाची. ती करायला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही.

आता बेरजेकडे येतो. आंबिल ओढा घ्या. हा ओढा एके काळी पेठांमधून, आज बाजीराव रस्ता आहे त्या बाजूने वाहायचा. नानासाहेब पेशव्यांनी तो वळवला. कात्रजच्या डोंगरातून निघून पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल असा तो मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला ढगफुटीसारखा पाऊस पडला आणि हा ओढा टांगेवाले कॉलनीत भिंत फोडून घुसला. त्या रात्री पुणे आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. सोसायट्यांच्या तळमजल्यात मोटारी एकमेकींवर चढल्या होत्या.

मग चौकशी सुरू झाली आणि चौकशीत जे नेहमी निघतं तेच निघालं: प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी रीतसर. वरच्या बाजूच्या टेकडीचा उतार सपाट झाला, त्याची परवानगी एका टेबलावरची. खाली ओढ्याचं पात्र सीमाभिंती बांधून सरळ आणि अरुंद केलं, ते काम दुसऱ्या खात्याचं. ओढ्यावरचा कलव्हर्ट पथ विभागाचा. त्याला बांधून नेलेली सांडपाण्याची वाहिनी मलनिस्सारणाची. काठावरच्या इमारतीचा नकाशा बांधकाम विभागाने पास केलेला, त्यात सामासिक अंतर मोजूनमापून सोडलेलं. काठावरच्या झोपड्यांना नळ आणि वीज मिळालेली, कर भरल्याच्या पावत्यांसह. यातल्या एकाही अभियंत्याला ओढा दिसला नव्हता. प्रत्येकाला ओढ्याचे आपल्या कामापुरते शंभर-दोनशे मीटर दिसले होते. डोंगरापासून संगमापर्यंतचा ओढा ज्या एका जागी येऊ शकत होता, ती जागा म्हणजे मुख्य सभा. कारण कात्रजचा नगरसेवकही तिथे बसतो आणि दांडेकर पुलाचाही.

आणि तरीही तिथे तो आला नाही, कारण नगरसेवकालाही आपला प्रभागच दिसतो. पुण्याचे १६५ सदस्य म्हणजे १६५ तुकडे. अंदाजपत्रकातली 'स यादी' पाहिली की हे कळतं. नगरसेवकांनी सुचवलेली कामं या यादीत असतात. कुठल्याही वर्षाची उघडा: बाकडी बसवणे, दिशादर्शक फलक लावणे, कमान उभारणे, ड्रेनेज लाइन टाकणे आणि पानोपानी 'अंतर्गत रस्ते सिमेंट काँक्रीटीकरण करणे'. पाच-सहा घरांची बोळ, तिच्यात दोन झाडं, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंट ओतलेलं, झाडाच्या बुंध्यालासुद्धा वीतभर माती नाही. मतदाराला ते आवडतं, चिखल होत नाही म्हणतो. एका बोळीने काही बिघडत नाही, हेही खरं. पण अशा हजारो बोळी एकत्र केल्या की पावसाचं पाणी मुरायची जागा संपते. ते पाणी जोरात ओढ्याकडे जातं, आणि ओढा तर दुसऱ्या खात्याने आधीच अरुंद करून ठेवलेला. पर्यावरण अहवालाचा रंगीत आलेख आणि 'स यादी' हे दोन कागद एकाच सभागृहात, एकाच वर्षी, एकाच टेबलावर येतात. ते शेजारी-शेजारी ठेवून कुणी वाचत नाही. २००६ पासून पुण्यात नागरिकांचा अंदाजपत्रकात सहभाग सुरू झाला तेव्हा अपेक्षा होती की लोक तरी वेगळं मागतील. बहुतांशी त्यांनीही पदपथ आणि फलकच मागितले. सगळा दोष पुढाऱ्यांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही.

पालिकेच्या समित्यांची नावंसुद्धा बोलकी आहेत. स्थायी समिती सोडली तर पुण्यात रुळलेल्या विषय समित्या म्हणजे शहर सुधारणा, विधी, महिला व बालकल्याण आणि क्रीडा. पर्यावरण त्यात नाही. टीडीआर, रस्तारुंदी, आराखड्यातला फेरबदल हे विषय शहर सुधारणा समितीकडे जातात, आणि ती समिती मिळावी म्हणून पक्षांत चुरस असते. का असते, हे पुण्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. झाडांसाठी १९७५ च्या कायद्याखालचं वृक्ष प्राधिकरण आहे. त्याचे अध्यक्ष आयुक्त, सदस्य नगरसेवक आणि काही नामनिर्देशित जाणकार. झाडावर नोटिशीचा कागद लागतो, वर्तमानपत्रात जाहिरात येते, ठरावीक दिवसांत उद्यान विभागाकडे हरकत नोंदवायची. तो कागद बहुतेक वेळा पावसात भिजून वाचता येईनासा झालेला असतो. मुंबईत आरेच्या मेट्रो कारशेडसाठी ऑगस्ट २०१९ मध्ये अडीच हजारांहून अधिक झाडं तोडायला किंवा हलवायला अशाच प्राधिकरणाने मंजुरी दिली; ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालल्या. २०२१ च्या दुरुस्तीने जेवढं झाडाचं वय तेवढी नवी झाडं लावायचं बंधन आलं, आणि दोनशे किंवा त्याहून अधिक झाडांचा प्रश्न राज्य पातळीवर गेला. आकड्यांत हे भारदस्त वाटतं. साठ वर्षांच्या वडाबदली साठ रोपं. ती कुठे लावली, तिसऱ्या उन्हाळ्यात किती जगली, हे विचारणारं कुणी नसेल तर त्या साठांना काही अर्थ नाही.

विचारणारं कुणीच नसेल तर काय होतं, याचा प्रयोग पुण्याने प्रत्यक्ष करून पाहिला आहे. १४ मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली. राज्यघटना सांगते की मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. ती झाली जानेवारी २०२६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिल्यानंतर. मधली जवळपास चार वर्षं आयुक्तच प्रशासक. आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवायचा, स्थायी समिती म्हणून तो मंजूर करायचा आणि मुख्य सभा म्हणून त्यावर शिक्कामोर्तब करायचं. वृक्ष प्राधिकरणाचे अध्यक्षही तेच. त्या खुर्चीत बसलेल्या कुणाही व्यक्तीबद्दल मी बोलत नाही. देवमाणूस बसवला तरी ही रचना वाईटच.

आणि याच चार वर्षांत आणि त्यांच्या तोंडावर काय काय घडलं पाहा. मुळा-मुठा नदीकाठ सुधार प्रकल्पाचं भूमिपूजन ६ मार्च २०२२ ला झालं, सभागृहाचे शेवटचे आठ दिवस उरलेले असताना. ४४ किलोमीटर नदी आणि साडेचार हजार कोटींच्या वरचा खर्च. जपानच्या कर्जातून होणारी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं पूर्ण होण्याआधी काठ बांधायला घ्यावा का? पात्रात भराव टाकल्याने पुराची पातळी किती चढेल? काठावरची जुनी झाडं आराखड्यात का बसत नाहीत? हे प्रश्न लोकांनी विचारले, पण विचारले ते रस्त्यावर, साखळी करून, आणि हरित न्यायाधिकरणात. बालभारती ते पौड फाटा रस्ता टेकडीवरून न्यायचा की नाही, हा वादही तसाच, वेताळ टेकडीवर पहाटे जमणाऱ्या लोकांनी आणि वकिलांनी लढवला. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सुटलं आणि सिंहगड रस्त्यावरची एकता नगरी पहाटे पाण्यात गेली. किती वाजता कळवलं, कुणी कळवलं, पात्रातला राडारोडा कुणी टाकला, निळ्या पूररेषेच्या आत इमारती कशा आल्या, यावर मंत्र्यांचे दौरे झाले, पत्रकार परिषदा झाल्या. पण पाटबंधारे, बांधकाम आणि आपत्ती व्यवस्थापन यांच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून चार तास उलटतपासणी घेणारं सभागृह नव्हतं. विधानसभेत लक्षवेधी लागली तरी तिथे सगळ्या राज्याच्या रांगेत पुण्याला किती मिनिटं मिळणार?

न्यायालयं आहेत ना, असं कुणी म्हणेल. आहेत, आणि त्यांनी अनेकदा शहर वाचवलंही आहे. पण न्यायालय पाहतं प्रक्रिया पाळली की नाही. नदीकाठावर एवढा पैसा घालावा की तोच पैसा उपनगरांच्या सांडपाण्यावर, हा प्रश्न न्यायालयाचा नाही. तो धोरणाचा आहे, आणि ज्यांच्या करातून पैसा जातो त्यांच्या प्रतिनिधींनीच तो सोडवायचा असतो. लोकांना दर वेळी वकील लावून आपल्या शहराचं धोरण ठरवावं लागत असेल, तर ज्यांना वकील परवडतो त्यांच्याच टेकड्या वाचतील.

सर्वांत अवघड आक्षेप उरतोच. ज्यांच्या हाती देखरेख द्यायची, ते स्वतः किंवा त्यांचे भाऊबंद जमिनीच्या आणि बांधकामाच्या धंद्यात असतात. कुंपणच शेत खातंय. हे मी नाकारत नाही. पण त्यावरचा उपाय कुंपण काढून टाकणं हा नाही, हे त्या चार वर्षांनी सिद्ध केलं. उपाय म्हणजे कोण काय करतंय ते दिसेल अशी व्यवस्था. आरक्षण बदलाचा प्रत्येक ठराव नावानिशी मतदानाने व्हावा. 'एकमताने मंजूर' या दोन शब्दांखाली १६५ माणसं लपू शकतात. ज्याचा किंवा ज्याच्या कुटुंबाचा त्या जागेत हितसंबंध आहे त्याने ते सभेतच सांगावं आणि मतदानातून बाहेर राहावं. ऐनवेळचा विषय म्हणून जमिनीशी संबंधित काहीही आणायला मज्जाव हवा. पर्यावरणाची स्वतंत्र समिती करावी, आणि तिचे विषय प्रभागांप्रमाणे न पाडता ओढे-नाल्यांच्या पाणलोटाप्रमाणे पाडावेत. म्हणजे कात्रज आणि दांडेकर पूल यांना एकाच टेबलावर बसावंच लागेल. अशा बदलांपैकी बहुतेक सभेच्या कामकाज नियमांत बसतात. मंत्रालयाकडे हात पसरावा लागत नाही.

महापालिकेच्या विस्तारित इमारतीचं उद्‌घाटन जून २०१८ मध्ये झालं, तेव्हा नव्या कोऱ्या सभागृहाच्या छतातून समारंभ चालू असतानाच पाऊस गळाला होता. शहरभर त्यावर विनोद झाले. मला त्यात एक फायदा दिसला: पाणी कुठून येतं हा प्रश्न त्या दिवशी तरी सभागृहात सगळ्यांना एकदम पडला असेल.

आता सभागृह पुन्हा भरलं आहे. नवे चेहरे पुष्कळ आहेत, बहुमत भक्कम आहे, आणि भक्कम बहुमताच्या सभागृहात प्रश्न कमी विचारले जातात हाही अनुभव आहे. म्हणून वाचकाने एक काम करावं. आपल्या प्रभागाचे चार नगरसेवक कोण ते आपल्याला माहीत असतं, निदान फलकांवरून तरी. ३१ जुलैपर्यंत पर्यावरणाचा अहवाल सभेपुढे यायला हवा. तो आला का, आणि आला असेल तर तुम्ही त्यातलं कुठलं पान वाचून काय विचारलंत, हे त्या चौघांना लेखी विचारा आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. पाच वर्षांत ही संधी पाच वेळा येते.